तारीख नसलेलें मासिक

एखादें पुस्तक ग्रंथसंग्रहालयांत दाखल झालें, म्हणजे त्याच्या पहिल्या दोन पानांवरच त्याची सारी कुळकथा छापलेली सांपडते. लेखक कोण, प्रकाशक कोण, मुद्रणालय कोणतें, आवृत्ति कितवी, साल कोणतें. सूचिकारानें तें उतरून घ्यावें आणि दुसरें पुस्तक हातीं घ्यावें. परंतु याच सूचिकाराच्या मेजावर कधीं कधीं अशी एखादी वस्तु येऊन पडते, कीं जिला कुळ नाहीं, गोत्र नाहीं, आणि जन्मपत्रिका तर नाहींच. नमुन्यादाखल असें एक चोपडें कल्पावें. आठ कागद मधोमध दुमडलेले; दुमडीवर दोन पिना आणि त्यांच्या गंजाचे तांबूस डाग; मुखपृष्ठावर मिशाळ प्लंबर मारिओ याचें हातानें काढलेलें, जरा वांकडेंच उतरलेलें चित्र; आंत टाइप केलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून व चिकटवून जुळविलेल्या पानांची झेरॉक्स. शेवटच्या पानावर वर्गणीदाराचा पत्ता आणि टपालाचीं तिकिटें. ‘अंक तिसरा’ एवढें ठळक अक्षरांत लिहिलेलें आहे. साल नाहीं, महिना नाहीं. संपादक टोपणनांवानें लिहितो. पुढच्या आठवड्यांत आपल्याला पंधरावें लागणार, ही बातमी मात्र तो अग्रलेखांतच देतो.

हें चोपडें म्हणजे व्हिडिओ गेमच्या एका शौकिनानें घरीं तयार केलेलें मासिक. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अशीं मासिकें निघत. त्यांच्या प्रती मोजक्याच असत. त्या टपालानें ओळखीच्या आणि अनोळखी समानधर्म्यांकडे जात, आणि घर बदलतांना किंवा माळा आवरतांना बहुधा केराच्या टोपलींत जात. त्यांतून वांचल्या त्या आतां संग्राहकांकडून ग्रंथालयांकडे येऊं लागल्या आहेत. महाराष्ट्रांतील शाळांचीं हस्तलिखित मासिकें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना या वस्तूचा स्वभाव ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, कीं हस्तलिखिताची प्रत एकच निघे व ती शाळेच्या कपाटांत राही. झेरॉक्स यंत्रामुळें अमेरिकन मुलाची प्रत मात्र देशभर भटके, आणि भटकणाऱ्या वस्तूची जन्मतिथि हरवते.

पंधरा वर्षांच्या मुलाच्या चोपड्याची तारीख ठरविण्यांत एवढें काय आहे, असें कोणी विचारील. मोठ्या छापील मासिकांना कंपन्यांच्या जाहिरातींवर जगावें लागे, आणि त्यांतील स्तुतीला तो वास येतो. खेळ विकत घेण्यासाठीं पैसे कसे सांठविले, दुकानदारानें कोणती थाप मारली, कोणता खेळ आणून दोन दिवसांत कंटाळा आला, मित्रांत कोणती आवई उठली होती, हें सांगणारा साक्षीदार म्हणजे हें घरगुती मासिक. पण साक्षीदारानें ‘त्या वेळीं’ असें म्हणून भागत नाहीं. कोणत्या वेळीं, हें ठरल्याखेरीज साक्षीला किंमत नाहीं. एखाद्या यंत्राविषयीं मुलांचें मत तें यंत्र बाजारांत येण्यापूर्वीं लिहिलेलें असेल तर ती केवळ आशा. तेंच मत सहा महिन्यांनीं लिहिलेलें असेल तर तो अनुभव.

या व्यवसायाची स्वतःची स्मरणशक्ति किती अधू आहे, याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जगांतील सर्वांत गाजलेल्या खेळांपैकीं एक. तो जपानांत १३ सप्टेंबर १९८५ रोजीं विक्रीस आला, याविषयीं वाद नाहीं. अमेरिकेंत निन्टेन्डो कंपनीनें आपलें यंत्र ऑक्टोबर १९८५ मध्यें प्रथम न्यूयॉर्क शहरांत चांचणीसाठीं आणलें. परंतु हा खेळ अमेरिकन ग्राहकाच्या हातीं नक्की कोणत्या दिवशीं पडला, हें मात्र कोणालाच सिद्ध करतां आलें नाहीं. व्हिडिओ गेमच्या इतिहासाचे अभ्यासक फ्रँक सिफाल्डी यांनीं २०१२ सालीं या प्रश्नाचा पाठपुरावा केला. निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या तारखा ठामपणें छापलेल्या होत्या, आणि एकीच्याहि पाठीशीं निर्णायक पुरावा नव्हता. कोणीतरी एकदां अंदाजानें तारीख लिहिली, दुसऱ्यानें ती उतरून घेतली, तिसऱ्यानें दोघांचा आधार दिला. आणि अंदाजाचा इतिहास झाला. सूचिपत्रांत हाच धोका आहे. सूचिकारानें कंसाशिवाय, कारणाशिवाय ‘१९९३’ असें लिहून ठेवलें, कीं पुढचा अभ्यासक तोच आंकडा पुरावा म्हणून उचलतो. हेच सिफाल्डी पुढें व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेचे संस्थापक झाले. जुनीं मासिकें व कागदपत्रें यांचें त्या संस्थेचें डिजिटल ग्रंथालय जानेवारी २०२५ मध्यें सर्वांस खुलें झालें.

अशा घरगुती मासिकाला इंग्रजींत फॅनझिन म्हणतात. हा शब्द ऑक्टोबर १९४० मध्यें लुई रसेल शॉव्हने या विज्ञानकथांच्या शौकिनानें प्रचारांत आणला. पण वस्तु त्याहून जुनी आहे. शिकागो येथील सायन्स करस्पॉन्डन्स क्लबचें ‘द कॉमेट’ हें १९३० सालचें पत्र या वंशाचा मूळपुरुष मानतात. व्हिडिओ गेमकडे ही परंपरा वाट चुकून आलेली नाहीं. या विषयाला वाहिलेलें अमेरिकेंतील पहिलें मोठें मासिक ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हें १९८१ सालीं आर्नी कॅट्झ, बिल कंकेल व जॉइस वर्ली या तिघांनीं काढलें, आणि हीं तिघेंहि विज्ञानकथांच्या शौकिनांच्या जगांतून आलेलीं होतीं. १९८५ मध्यें तें बंद पडलें. १९९२ मध्यें तें पुन्हां निघालें तेव्हां त्यांत घरगुती मासिकांच्या परीक्षणालाहि जागा मिळाली. कोणत्या मुलानें कोणतें मासिक काढलें आहे, तें कसें वठलें आहे, त्याचा पत्ता काय व किंमत काय, हें तेथें छापून येई; आणि तें वाचून दुसरीं मुलें झेरॉक्सच्या दुकानाकडे धांवत. सूचिकाराला हें सदर म्हणजे ठेवाच आहे. कारण ज्या अंकाचें परीक्षण एका तारीखवार मासिकांत आलें, तो अंक त्यापूर्वींचा असलाच पाहिजे.

येथें या शोधाचें मूळ तत्त्व हातीं लागतें, आणि तें मराठी वाचकाला मुळींच परकें नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं आपलें बहुतेक आयुष्य संस्कृत ग्रंथांचे व ग्रंथकारांचे काळ ठरविण्यांत वेंचलें. ग्रंथकार ज्याचा उल्लेख करतो त्याच्या नंतरचा तो असला पाहिजे. ज्याच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो त्याच्या आधींचा असला पाहिजे. पहिली पूर्वमर्यादा, दुसरी उत्तरमर्यादा. या दोन भिंती हळूहळू जवळ सरकवीत आणावयाच्या, कीं मधली खोली अरुंद होते. पोथीच्या बाबतींत ही खोली दोन शतकांची असूं शकते, घरगुती मासिकाच्या बाबतींत दोन वर्षांची, रीत तीच. पोथ्यांच्या अभ्यासकाला आणखी एक भेद पाठ असतो: ग्रंथ रचल्याचा काळ निराळा आणि हातांतील प्रत उतरल्याचा काळ निराळा. घरगुती मासिकाचा पहिला अंक संपादकानें १९९२ मध्यें लिहिलेला असेल. पण नव्या वर्गणीदारानें मागितला म्हणून त्याच चिकटविलेल्या मूळ पानांवरून १९९४ मध्यें पुन्हां झेरॉक्स काढलेला असेल. अशा प्रतीवरील टपालाचा शिक्का खरा असतो आणि तरीहि दिशाभूल करतो.

वर कल्पिलेल्या चोपड्यालाच ही रीत लावून पाहावी. त्याच्या आंतील एका लेखांत म्हटलें आहे, कीं सेगा कंपनीचें ‘सॅटर्न’ हें नवें यंत्र येत्या २ सप्टेंबरला येणार आणि त्यासाठीं संपादकानें गवत कापण्याचीं कामें धरलीं आहेत. एवढें एक वाक्य पुरेसें आहे. सेगानें मार्च १९९५ मध्यें जाहीर केलें होतें, कीं हें यंत्र अमेरिकेंत २ सप्टेंबर १९९५, शनिवार, या दिवशीं विक्रीस येईल. सॅटर्न म्हणजे शनि, आणि वारहि शनीचाच. जाहिरातवाल्यांना ही कोटी साधण्याचा मोह आवरला नाहीं. परंतु ११ मे १९९५ रोजीं लॉस एंजेलिस येथील ई-थ्री प्रदर्शनांत कंपनीच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख टॉम कलिन्स्की यांनीं अकस्मात् सांगून टाकलें, कीं यंत्र निवडक दुकानांत पोंचलेलेंहि आहे. किंमत ३९९ डॉलर. प्रतिस्पर्धी सोनीच्या आधीं बाजार गांठावा, हा त्यांतील हेतु. ज्या दुकानदारांना माल मिळाला नाहीं ते संतापले, ज्या खेळ-निर्मात्यांचे खेळ सप्टेंबरच्या हिशेबानें तयार होत होते ते उघडे पडले. कंपनीला या घाईचा लाभ झाला नाहीं. इतिहासाच्या या फजितीनें सूचिकाराचें मात्र काम केलें आहे. सप्टेंबरची तारीख मार्चपूर्वीं कळणें शक्य नाहीं, आणि मे महिन्याच्या मध्यानंतर ती कोणी जाणता मनुष्य लिहिणार नाहीं.

जाणता, हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. मे महिन्यांतील बातमी कॅलिफोर्नियांतील व्यापाऱ्याला त्याच दिवशीं कळली. मध्य अमेरिकेंतील लहान गांवच्या मुलाला ती केव्हां कळली? त्याचें बातमीपत्र म्हणजे छापील मासिक, आणि छापील मासिकाला मजकूर घेण्यापासून दुकानांत येईपर्यंत महिना-दोन महिने लागत. त्यामुळें उत्तरमर्यादा ११ मे येथें न ठोकतां जून-जुलैपर्यंत सैल सोडणें शहाणपणाचें. मर्यादा ठरवितांना घटना केव्हां घडली एवढेंच पाहून चालत नाहीं. लिहिणाऱ्याला ती केव्हां कळूं शकत होती, हें पाहावें लागतें.

याची उलट बाजू ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ या खेळांत दिसते. हा खेळ जपानांत ऑक्टोबर १९८८ मध्यें आला आणि अमेरिकेंत फेब्रुवारी १९९० मध्यें. एखाद्या अमेरिकन घरगुती मासिकांत त्याचें वर्णन आढळलें, म्हणजे तें फेब्रुवारी १९९० नंतरचें, असें सूचिकार झटकन् म्हणेल आणि फसेल. कारण डिसेंबर १९८९ मध्यें ‘द विझर्ड’ नांवाचा चित्रपट अमेरिकेंत लागला, आणि त्याच्या शेवटीं हा खेळ पडद्यावर दाखविला होता. तो पाहण्यासाठीं मुलांनीं चित्रपटगृहें गांठलीं. शिवाय जपानी प्रत कोणाकडून तरी मागवून घेणारे शौकीन होतेच. तेव्हां नुसत्या उल्लेखावर न विसंबतां, तो खेळ कसा पाहिल्यासारखें लिहिलें आहे, हें वाचावें. सातव्या जगांतला अमुक किल्ला कसा ओलांडावा हें सांगणारा मुलगा चित्रपट पाहून लिहीत नाहीं.

खेळांच्या तारखांविषयीं आणखी एक सावधगिरी. अमुक दिवशीं देशभर एकाच वेळीं विक्री सुरू, हा समारंभ मागाहून आला. १९८० च्या दशकांत खेळ दुकानांत येई तो मालमोटार येईल तेव्हां; एका शहरांत आज, दुसऱ्यांत तीन आठवड्यांनीं. २४ नोव्हेंबर १९९२, मंगळवार, या दिवशीं सेगानें ‘सॉनिक’चा दुसरा खेळ अमेरिकेंत व युरोपांत एकदम आणला, आणि १३ सप्टेंबर १९९३, सोमवार, या दिवशीं ‘मॉर्टल कॉम्बॅट’ घरगुती यंत्रांवर आला. असा गाजलेला वार ज्या अंकांत सांपडेल, त्याचें काम सोपें. त्याच ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधील रक्तपातावरून डिसेंबर १९९३ मध्यें अमेरिकन सेनेटपुढें सुनावणी झाली, आणि सप्टेंबर १९९४ मध्यें खेळांवर वयाची शिफारस छापणारें मंडळ अस्तित्वांत आलें. म्हाताऱ्या सेनेटरांवर तोंडसुख घेणारा, पण त्या शिफारशींचा पत्ताच नसलेला अग्रलेख बहुधा या दोन घटनांमधील असतो. बहुधा एवढेंच, एखादी गोष्ट लिहिली नाहीं यावरून ती घडली नव्हती असें ठरविणें, हा पुराव्यांतील सर्वांत दुबळा प्रकार.

खोट्या बातमीचा उपयोग कधीं कधीं खऱ्या बातमीपेक्षां अधिक होतो. ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळांत एका योद्ध्याच्या विजयवाक्यांतील डावाचें नांव इंग्रजी भाषांतरांत ‘शेंग लाँग’ असें झालें, आणि वाचणाऱ्यांना तें माणसाचें नांव वाटलें. हा कोणी गुप्त प्रतिस्पर्धी असावा, अशी समजूत पसरली. ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या मासिकानें एप्रिल १९९२ च्या अंकांत, एप्रिल फूल म्हणून, हा शेंग लाँग भेटण्याची भलतीच कठीण युक्ति छापली. असंख्य मुलांनीं ती करून पाहण्यांत आपलीं नाणीं घालविलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबर अंकांत मासिकानें ती थट्टा होती असें कबूल केलें. आतां ज्या घरगुती मासिकांत ती युक्ति जशीच्या तशी, गंभीरपणें उतरलेली आहे, त्याची जागा १९९२ च्या वसंत ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत कोठेंतरी आहे, असा अंदाज करण्यास हरकत नाहीं. संपादकाच्या भोळेपणानेंच त्याची तारीख सांगितली.

मजकुराइतकाच कागद बोलतो. टपालाचें तिकीट हा त्यांतील सर्वांत सरळ साक्षीदार. अमेरिकेंत पहिल्या वर्गाच्या पत्राचा, म्हणजे एक औंसापर्यंतच्या वजनाचा, दर फेब्रुवारी १९८५ पासून २२ सेंट, एप्रिल १९८८ पासून २५, फेब्रुवारी १९९१ पासून २९ आणि १ जानेवारी १९९५ पासून ३२ सेंट होता. १९९९ च्या जानेवारींत तो ३३ झाला. आठ कागदांचें चोपडें एक औंसाहून जड भरतें, म्हणून दुसऱ्या औंसाचे निराळे पैसे. १९९१ पासून त्याचे २३ सेंट पडत. म्हणजे हेंच चोपडें १९९४ अखेर ५२ सेंटांत गेलें असतें आणि १९९५ मध्यें ५५ सेंटांत. कल्पिलेल्या प्रतीवर तीन तिकिटें आहेत: एक २९ चें, एक २३ चें, आणि कोपऱ्यांत एक तीन सेंटांचें. बेरीज ५५. जुनें तिकीट शिल्लक होतें, दर नुकताच वाढला होता, म्हणून तीन सेंटांची भर घातली. सॅटर्नच्या लेखानें जी खोली दाखविली, तिच्याच दारावर हें तिकीट चिकटलेलें आहे. दोन साक्षीदार एकमेकांना ठाऊक नसतांना एकच गोष्ट सांगतात, तेव्हां सूचिकाराला धीर येतो. कांहीं तिकिटांवर मात्र किंमतच नसते. दर ठरण्यापूर्वींच तीं छापून ठेवावीं लागत, म्हणून त्यांवर आंकड्याऐवजीं अक्षर असे; १९८८ चें ‘ई’, १९९१ चें ‘एफ’, १९९४ अखेरचें ‘जी’. तिकीट-संग्राहकाला जें तोंडपाठ असतें तें ग्रंथपालानें त्याच्याकडून शिकावें. आणि मासिक पाकिटांतून आलें असेल तर तें पाकीट फेंकून देण्याची घाई कोणीं करूं नये. पुष्कळदां तारीख पाकिटावरच असते.

पत्ते व टेलिफोन क्रमांक हेहि असेच उपयोगी. ब्रिटनमध्येंहि घरगुती मासिकांचा हा छंद होता. तेथें लंडनच्या क्रमांकाआधीं ०१ असेल तर तो मे १९९० पूर्वींचा, ०७१ किंवा ०८१ असेल तर त्यानंतरचा, ०१७१ किंवा ०१८१ असेल तर एप्रिल १९९५ च्या सुमारास वा नंतरचा, आणि ०२० असेल तर २००० सालच्या सुमारास वा नंतरचा. अमेरिकेंतहि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन व क्वीन्स भागांना १९८४ मध्यें ७१८ हा नवा अंक मिळाला. मुलांना आपला क्रमांक छापण्याची भारी हौस असे. रात्रीं नऊनंतर फोन करूं नये, अशी आईची सूचनाहि कधीं त्याखालीं सांपडते.

अक्षरांच्या वळणावरूनहि पूर्वमर्यादा काढतां येते. मॅकिन्टॉश संगणक जानेवारी १९८४ मध्यें आला, घरगुती फलक-पत्रकें छापणारा ‘प्रिंट शॉप’ हा कार्यक्रम त्याच वर्षीं, आणि पानें जुळविण्याचा ‘पेजमेकर’ १९८५ मध्यें. विंडोजबरोबर एरियल हें वळण १९९२ मध्यें घराघरांत पोंचलें, आणि कॉमिक सॅन्स हें बाळबोध गोलसर वळण १९९५ मध्यें. कॉमिक सॅन्समध्यें छापलेलें पान १९९३ चें असूंच शकत नाहीं, मग मुखपृष्ठावर काय वाटेल तें लिहिलेलें असो. उलट अनुमान मात्र चालत नाहीं. ठिपक्याठिपक्यांनीं अक्षर उमटविणारा जुना मुद्रक दिसला म्हणून मासिक जुनें ठरत नाहीं. वडिलांच्या कचेरींत मोडीत निघालेलें यंत्र मुलाच्या खोलींत दहा वर्षें चालूं शकतें.

आणि मग उरतात त्या सहज निसटलेल्या गोष्टी: परीक्षा, नाताळ, हिमवर्षावानें शाळा बंद, फुटबॉलचा अंतिम सामना. यांतहि चकवे आहेत. काल डॅलसनें बफलोला हरविलें, असें संपादक लिहितो, आणि सूचिकार आनंदानें जानेवारी १९९३ लिहूं पाहतो; पण जानेवारी १९९४ मध्यें हेच दोन संघ पुन्हां अंतिम सामन्यांत भेटले आणि डॅलसनेंच बफलोला पुन्हां हरविलें. अशा वेळीं गुणसंख्या शोधावी लागते, ती नसेल तर दोन्ही सालें लिहावीं लागतात.

एवढें झाल्यावर सूचीचें काम येतें, आणि तेथें निराळा पेंच असतो. ग्रंथालयाचे नियम व्यवस्थित माणसांनीं व्यवस्थित प्रकाशनांसाठीं केलेले. घरगुती मासिकाच्या मुखपृष्ठावर एक नांव, अग्रलेखावर दुसरें, आणि पुढच्या अंकापासून कोणाशी तरी भांडण झाल्यामुळें तिसरेंच. दुसऱ्या अंकानंतर एकदम पांचवा. अंक दर महिन्याला निघेल अशी प्रतिज्ञा, आणि प्रत्यक्षांत वर्षांतून दोन. मोठीं मासिकें मुखपृष्ठावर पुढच्या महिन्याचें नांव घालून आधींच दुकानांत येतात. घरगुती मासिक मार्चचें म्हणून मे महिन्यांत येतें. म्हणून छापलेली तारीख असली तरी ती जशी आहे तशी उतरून घ्यावी, आणि खरी निराळी वाटत असेल तर ती चौकोनी कंसांत वेगळी द्यावी. चौकोनी कंसाचा अर्थ ग्रंथपालांच्या जगांत ठरलेला आहे: हें प्रकाशनांत नाहीं, सूचिकारानें पुरविलें आहे. त्यांत प्रश्नचिन्ह असेल तर तो तर्क. वर्षच ठरत नसेल तर अमुक आणि अमुक यांच्या दरम्यान, असें लिहिण्याची सोय आहे. तिच्यांत कमीपणा मानणारे सूचिकार असतात. त्यांना एकच नेमकें साल लिहिल्याशिवाय चैन पडत नाहीं, आणि त्यांनींच पुढच्यांचें काम वाढवून ठेविलेलें असतें. तारखेखालीं टीपेंत ती कशावरून काढली, हें दोन ओळींत लिहिलें, कीं पुढचा माणूस ती तपासूं शकतो, मोडूंहि शकतो.

संपादकालाच कां विचारूं नये? जेथें तो सांपडतो तेथें अवश्य विचारावें. पण तीस वर्षांनंतरची आठवण खेळाच्या नांवाशीं जोडलेली असते, वर्षाशीं नाहीं. शिवाय तो आतां पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ आहे आणि त्याचें बालपणचें लिखाण जगापुढें यावें, असें त्याला वाटतेंच असें नाहीं. तीस प्रतींसाठीं लिहिलेला मजकूर, घरचा पत्ता, मित्रांचीं खरीं नांवें, हें सर्व डिजिटल होऊन कोणाच्याहि पडद्यावर जावें काय? घरगुती मासिकें सांभाळणाऱ्या अमेरिकन ग्रंथपालांनीं २०१५ मध्यें आपल्यापुरती एक आचारसंहिता तयार केली. तींत लेखकाची संमति व त्याची खासगी बाजू यांना मोठें स्थान दिलें आहे. मूळ प्रत जशीच्या तशी जतन करावी, सूचींत टोपणनांव असेल तर टोपणनांवच ठेवावें, पत्त्यांपैकीं गांव व राज्य एवढेंच द्यावें, आणि जालावर टाकण्यापूर्वीं विचारावें, हा मार्ग त्यांतल्या त्यांत न्याय्य दिसतो. संशोधकाला गल्लीच्या क्रमांकाची गरज नसते.

तेव्हां त्या कल्पिलेल्या चोपड्याची नोंद अशी होईल: अंक ३; [मार्च ते जुलै १९९५ च्या दरम्यान]; [३२] पानें, पृष्ठांक नाहींत; झेरॉक्स, मधोमध दुमडून दोन पिना; संपादक टोपणनांवानें. टीप: तारीख सेगा सॅटर्न २ सप्टेंबरला येणार या उल्लेखावरून, टपालाचीं तिकिटें एकूण ५५ सेंटांचीं, पैकीं एक जुन्या दराचें, टपालाचा शिक्का अस्पष्ट, मजकूर व प्रत एकाच काळचीं असावींत. याच अंकाची दुसरी प्रत कोणाच्या माळ्यावरून आली आणि तिच्यावरील शिक्का वाचतां आला, तर कंसांतील पांच महिने कमी करतां येतील. तोंपर्यंत ते पांचच राहूं द्यावेत.